एक्केचाळीस पावलं

२ फेब्रुवारी, रविवार

सृष्टीने ही वही दिली ती बाबांच्या गोळ्या, बीपी आणि व्यायाम लिहून ठेवायला. "आई, रोज लिही, पुण्याहून फोन केला की मी विचारणार आहे." पहिली तीन पानं तशी लिहिली. चौथ्या पानावर आज बँड घुसला.

सकाळी नसरापूरला औषधं आणायला गेले होते. खोटं कशाला लिहू? औषधं आमच्या भोरमध्येही मिळतात. नसरापूरच्या कार्यालयात लग्न होतं आणि बँड गुंजवणीचा आहे असं एसटीच्या कंडक्टरकडून कळलं होतं. घरकामाला येणाऱ्या रत्नाला ह्यांच्याजवळ बसवलं आणि गेले. आमंत्रण नव्हतंच. रसाच्या गाड्यापाशी उभी राहिले, दोन ग्लास रस प्यायले, चाळीस मिनिटं ऐकलं. एकोणसत्तरावी वेळ.

आकडा पक्का आहे. जुन्या डायऱ्यांच्या मागच्या पानांवर यादी आहे आणि दरवर्षी ती नव्या डायरीत उतरवून घेते. पहिली वेळ १९९१, आमचंच लग्न. गुंजवणी ब्रास बँडची मंडळी विंझरहून एसटीने आली होती, मोठा ढोल टपावर बांधलेला. मी बोहल्यावर उभी आणि लक्ष सगळं क्लॅरिनेटकडे. माऊली मास्तर तेव्हा पस्तिशीचे असतील. १९९७, नसरापूर : ऐन भरात क्लॅरिनेटची पट्टी चिरली, तर मास्तरांनी उरलेलं गाणं तोंडाने शीळ घालून पुरं केलं. २०१२, पानशेतजवळचं रिसॉर्ट : पाहुणे म्हणाले, जरा जोरात वाजवा. मास्तर हळू वाजवत गेले, आणखी हळू, शेवटी सगळे पाहुणे खुर्च्या घेऊन जवळ येऊन बसले. २००४ समोर काही नाही. त्या वर्षी मी एकदाही गेले नाही.

आज निघताना ढोलवाल्या गेनबांनी मला गाठलं. "वैनी, यंदा ऐकून घ्या पोटभर. आखितीला शेवटचं. मास्तरांचं पुढचं दात गेलं, क्लॅरिनेट धरंना. बंदच करायचं म्हनत्यात."

रसाचे पैसे द्यायचे विसरले. गाडेवाला हाका मारत मागे आला.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. आमचे शरच्चंद्र दिवाळीच्या आधी पडले. उजवा हात, उजवा पाय गेला आणि पस्तीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवलेल्या माणसाच्या तोंडी एकच शब्द उरला : "असं". चहा हवा, असं. नको, असं. डॉक्टर गाढव आहे, असं. बँडचं ऐकून मात्र उशीवरून मान उचलली. "असं? असं?"

दुपारी स्वयंपाकघरापर्यंत भिंत धरून आले, टोपलीतला नारळ डाव्या हाताने उचलला आणि उजव्या तळव्यावर ठेवला. तो पडला आणि गडगडत फ्रिजखाली गेला. नारळ खावासा वाटला असेल म्हणून चटणी केली. बोट लावलं नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

नारळाच्या वड्या केल्या. त्याही नकोत. बीपी १४०/९०.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज आमच्या रस्त्यावरून नवरदेव मारुतीच्या दर्शनाला गेला आणि बँड गुंजवणीचा होता. यादीत सत्तरावी वेळ धरली, पण अर्धीच धरायला हवी. कारण आमच्या घरासमोर ते वाजवत नाहीत.

हे काही आजचं नाही, वर्षानुवर्षं चाललंय. वाजत गाजत येतात आणि आमच्या अलीकडच्या विजेच्या खांबाशी एकदम थांबतात. क्लॅरिनेट खाली येतं, गेनबा काठी काखेत मारतात, सगळे मान खाली घालून चालतात. घोड्याच्या टापा आणि चपलांचा आवाज तेवढा येतो. सोनारांच्या ओट्याशी पोचले की जिथे सोडलं तिथूनच पुन्हा सुरू. वऱ्हाडी काही विचारत नाहीत. मारुतीच्या रस्त्यावरची रीत असेल असं समजून काही जण तर आमच्या घराला हात जोडतात.

फार वर्षांपूर्वी मी ह्यांना विचारलं होतं. म्हणाले, "पुढे चढ आहे, दम घेत असतील." मी मान डोलावली. चौतीस वर्षं मोजणी ऑफिसात नोकरी केली, दुसऱ्यांच्या बांधावरून नकाशे डोक्यात धरून हिंडले, आणि स्वतःच्या दारासमोर चढ नाही हे मला दिसलं नाही! चढ सोनारांच्या पुढे सुरू होतो. आणि तिथे तर ते जोरात वाजवतात. त्यांची स्वतःची एक चाल आहे, कुठल्याही गाण्याची नाही, फक्त मारुतीच्या चढावर वाजवतात. मी तिला चढाची चाल म्हणते. ती ऐकायला मी वर देवळापाशी जाऊन उभी राहायची. दारात मिळत नाही म्हणून तर नसरापूर, वेल्हे, पानशेत करत हिंडले. लोक म्हणाले, शुभाताईंना बँडचं वेड आहे. ते आहेच.

यंदा ह्यांना सोडून लांब जाता येत नाही, म्हणून ओट्यावर बसून ती शांतता पहिल्यांदा नीट ऐकली. वरात गेल्यावर उतरून मोजली. खांबापासून सोनारांच्या ओट्यापर्यंत माझी एक्केचाळीस पावलं. मध्य बरोबर आमच्या दारावर. म्हणजे नेम आमच्यावर आहे.

आत आले तर हे पुन्हा नारळाशी झटापट करत होते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

चौकशी केली. देवळातले गुरव म्हणाले, असा काही नियम नाही. शाळा, दवाखाना, नमाजाची वेळ, नाहीतर मयत झालेलं घर, एवढ्या ठिकाणी बँड थांबतो. सोनारीणबाई म्हणाल्या, "आम्हाला वाटलं तुम्हीच सांगितलंय."

आम्ही कशाला सांगू?

मयत झालेलं घर. सुतक तेरा दिवसांचं असतं. एकवीस वर्षांचं नाही.

मनात आलंय ते इथे लिहून टाकते, दुसऱ्या कुणाला दाखवायचं नाहीच. ज्या घरातून सहा वर्षांचं मूल गेलं त्या घरावरून नवरदेवाला वाजवत नेऊ नये, असं तर ते मानत नसतील? अशुभ घर. माझ्या आवडत्या माणसांनी, ज्यांच्यामागे मी सत्तर वेळा धावले, त्यांनी माझ्या घराला असं ठरवलं असेल तर मला ते कळायला नको. आणि कळल्याशिवाय चैनही पडणार नाही. स्वभाव कुठे जाणार?

४ मार्च, मंगळवार

व्यायामवाल्या मुलीने ह्यांच्या उजव्या हाताला दाबायला रबरी चेंडू दिला. ह्यांनी तो डाव्या हाताने खिडकीतून बाहेर टाकला. मग नारळ घेतला. रोज सकाळ-संध्याकाळ हेच. उजव्या तळव्यावर ठेवायचा, डाव्या हाताने बोटं त्याच्यावर वाकवायची, पडला की पुन्हा.

रत्ना म्हणाली, "काकू, सरांना नारळाचं डोहाळं लागल्यात जनू. म्हयन्याभरात सा नारळ फुटलं."

मी हसले. पण एवढे हट्टी हे कधीच नव्हते. माणूस बदलतो म्हणतात अशा आजारात. सृष्टीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाबांना विचारलंस का?" काय विचारू? उत्तर "असं" येणार.

२३ मार्च, रविवार

विंझरला जाऊन आले. सध्या लग्नं नाहीत, मास्तर घरी असणार हे माहीत होतं. नसरापूरपर्यंत एसटी, पुढे वडापची जीप. वाटेत दोनदा वाटलं की उतरावं आणि परत फिरावं.

मास्तर अंगणात ज्वारीचं कणीस चोळत बसले होते. लाल कोटाशिवाय मी त्यांना चौतीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. बारीक दिसतात. मला बघून उठले. त्यांच्या बायकोने, ठकुबाईंनी, घोंगडी अंथरली, चहा ठेवला. "सरांचं कसं हाय आता?" मास्तरांनी विचारलं. ह्यांची त्यांची ओळख आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

मी सरळ विचारलं. "मास्तर, आमचं घर अशुभ आहे का?"

त्यांच्या हातातलं कणीस खाली पडलं. "कोन म्हनलं असं?"

"तुमचा बँड म्हणतो. दरवेळी."

मास्तर ठकुबाईंकडे बघत राहिले. त्या म्हणाल्या, "सांगा की आता. किती दिस पोटात ठिवनार?"

त्यांनी सांगितलं ते जमेल तसं त्यांच्याच शब्दांत उतरवते.

"त्या दिशी तुमच्याच रस्त्यानं नवरदेव न्ह्यायचा हुता. आमास्नी काय ठावं न्हवतं. पुलाच्या अलीकडं वाजवत येत हुतो, तर सर पळत आलं. अनवानी. थेट माज्यापाशी आलं अन् क्लॅरिनेटवर हात ठिवला. म्या म्हनलं, काय झालं सर? तर म्हनले, आमचा कुमार गेला सकाळी. म्या म्हनलं, देवा! बंद करतो, दाराम्होरनं गुमान जातो. तर म्हनले, दारात न्हाई मास्तर, हितनंच बंद करा. तिला तुमचा बँड लई आवडतो. आज तिच्या कानावर पडला तर परत जल्मात ऐकायची न्हाई ती. तिचं सगळं गेलंय, एवढं तरी ऱ्हाऊ द्या."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"आमच्या बँडाची रीत हाय, माज्या बापापासनं. मयतीच्या घराम्होरं थांबतो ती येगळी. पन कुनी वाद्याला हात लावून थांबवलं, तर त्यानंच आपल्या उजव्या हातानं नारळ दिल्याबिगार त्या दाराम्होरं परत सूर काढायचा न्हाई. म्या सरांना तवाच सांगितलं. दरसाल भोरात भेटलं की इच्यारायचो, सर, यंदा नारळ? ते म्हनायचे, आजून न्हाई मास्तर. ती दारात उभी ऱ्हात न्हाई. लांब लांब जाऊन ऐकती. घरापाशी सोसत न्हाई तिला. थांबा."

"अहो, मी लांब जाते ते तुम्ही दारात वाजवत नाही म्हणून!"

मी जवळजवळ ओरडलेच. मास्तरांचं तोंड उघडंच राहिलं, पुढच्या दातांची जागा मोकळी. ठकुबाईंनी कपाळाला हात लावला. "आगं बया! एकवीस वर्सं!"

जीपमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, कोण गेलं का? मी म्हटलं, नाही. मग म्हटलं, हो, मुलगा. खूप वर्षं झाली. तिने माझा हात धरला आणि नसरापूरपर्यंत सोडला नाही.

२४ मार्च, सोमवार

काल घरी आल्यावर काय झालं ते रात्री लिहवलं नाही.

हे खुर्चीत बसले होते. मांडीवर नारळ. मी समोर बसले आणि म्हटलं, "विंझरला गेले होते. मास्तरांनी सांगितलं." मी नारळ त्यांच्या उजव्या तळव्यावर ठेवला, त्यांची बोटं त्याच्यावर मिटवली आणि वरून माझे दोन्ही हात घट्ट धरले. "हेच ना? दोन महिने हेच सांगत होतात? आणि मी वड्या करत बसले!"

"असं," म्हणाले. आणि रडले. मीही. रत्ना आली, बघून आल्या पावली परत गेली.

आम्ही कुमारबद्दल कधी बोललो नाही. मला वाटायचं, ह्यांना ते नको आहे. पुरुष माणूस, मनात गाडून टाकलं असेल. काल मीच बोलले. तो पातेल्याचं झाकण काठीने बडवत अंगणात फेऱ्या मारायचा आणि दाराशी आलं की "आता चढ!" म्हणून दुडक्या चालीने पळायचा. विंझरच्या जत्रेत मास्तरांनी त्याला झांजा धरायला दिल्या तर त्या पेलेनात, तरी सोडेना. दोन तास बोलले. ह्यांनी मधे मधे तो एकच शब्द म्हटला, आणि मला प्रत्येक वेळी कळलं.

एक गोष्ट राहून राहून मनात येते. त्या दिवशी मी कुमारजवळ बसले होते आणि हे मध्येच उठून कुठेतरी गेले. बराच वेळ आले नाहीत. अशा वेळी माणूस उठून जातोच कसा, हा राग मी एकवीस वर्षं धरला. कधी बोलून दाखवला नाही, पण धरला.

८ एप्रिल, मंगळवार

आखितीला कोपऱ्यावरच्या मानसिंगांच्या मुलाचं लग्न आहे. आमच्याच रस्त्याने जाणार, बँड गुंजवणीचा. मास्तरांचा निरोप आला : नारळ उजव्या हाताने, सरांच्याच. दुसऱ्याने दिलेला चालत नाही. मी धरून दिला तर? गेनबांनी मास्तरांना विचारून फोनवर सांगितलं, "वैनी, खालनं आधार चालंल. पन धरायचा सरांनीच."

तालीम जोरात. रत्ना मोठ्याने आकडे म्हणते. आज अठ्ठावीसपर्यंत धरला. बीपी १३०/८४.

सृष्टीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, दादा गेला तेव्हा मी आठ वर्षांची होते. मला वाटायचं, घरात त्याचं नाव काढायची बंदी आहे." चुकून दादा म्हणाली. होता तिच्याहून दोन वर्षांनी लहान. पण लहानपणी तोच तिला दरडावायचा आणि ती गंमत म्हणून त्याला दादा म्हणायची. हे मी विसरले होते.

२७ एप्रिल, रविवार

एक ते शंभर. नारळ पडला नाही! रत्नाने टाळ्या वाजवल्या. मी ह्यांना खीर दिली, नारळाच्या दुधाची. ह्यांनी अशा नजरेने बघितलं की मी वाटी घेऊन परत गेले.

भीती एवढीच की बुधवारी सगळ्यांसमोर हात दगा देईल. मास्तरांना दात नाहीत, ह्यांना हात नाही. दोघांची ही शेवटची संधी आहे आणि मधे उभी मी.

३० एप्रिल, बुधवार. अक्षय तृतीया

पाच वाजता ह्यांना ओट्यावर खुर्चीत बसवलं. पांढरा सदरा घातला. उजव्या हातात नारळ दिला, त्यांनी धरला. खालून मी माझा तळवा लावला. सृष्टी पुण्याहून निघाली होती, पण खेड शिवापूरला गाड्यांच्या रांगेत अडकली. तिला फोन लावून रत्नाच्या हातात दिला.

वाजत आले. खांबाशी थांबले. क्लॅरिनेट खाली आलं. आणि दरवेळसारखे मान खाली घालून न चालता सगळे थेट आमच्या ओट्याशी आले. मागे घोडा, घोड्यावर मानसिंगांचा मुलगा, त्यामागे सगळं वऱ्हाड. मास्तरांनी लाल कोटाची पहिली गुंडी लावली, क्लॅरिनेट काखेत घेतलं आणि दोन्ही हात पुढे केले.

"सर, यंदा नारळ?"

"असं," हे म्हणाले आणि हात पुढे केला. आधाराने, पण स्वतः. मास्तरांच्या ओंजळीवर नारळ आला.

आणि तिथेच राहिला. बोटं उघडेनात.

महिनाभर आम्ही धरायचं शिकवत होतो. सोडायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ना माझ्या, ना रत्नाच्या, ना त्या व्यायामवाल्या मुलीच्या. ह्यांच्या कपाळावर घाम आला. बोटं जास्तच आवळली गेली. घोडा पाय आपटायला लागला. मागून कुणीतरी म्हणालं, मुहूर्त जाईल. मास्तर जागचे हलले नाहीत. ओंजळ तशीच. "सावकाश होऊ द्या सर. एकवीस वर्सं थांबलोय, आजून घटकाभर थांबू."

मी ह्यांच्या पायाशी बसले. आधी करंगळी सोडवली. मग तिच्या शेजारचं बोट. मी हळूच म्हणत होते, "सोडा आता. मी इथेच आहे. दारातच बसलेय. मला सोसेल." मधलं बोट. तर्जनी. अंगठा त्यांचा त्यांनीच उचलला. मी शपथेवर सांगते, मी हात लावला नव्हता.

नारळ मास्तरांच्या ओंजळीत पडला. त्यांनी तो कपाळाला लावला, गेनबांकडे दिला, आणि क्लॅरिनेट ओठांना लावलं.

पहिला सूर नुसती फुंकर निघाली. दुसरा चिरका. दात नाहीत ना. मग त्यांनी ते तोंडात तिरकं धरलं आणि सूर लागला. मला वाटलं होतं, लग्नातलं काहीतरी वाजवतील. त्यांनी चढाची चाल धरली. आमच्या दारात, जिथे चढ नाही तिथे. सरळ ठेक्यावर नाही, दुडक्या चालीने, एखादं पोर पातेल्याचं झाकण बडवत पळत सुटलंय तसं. हे मी मास्तरांना कधी सांगितलं नव्हतं. ह्यांनीच सांगितलं असणार, केव्हातरी, भोरच्या बाजारात, मला वाटायचं हे भाजी आणायला गेलेत तेव्हा.

एक्केचाळीस पावलं चालायला त्यांनी वीस मिनिटं घेतली. मानसिंगांचा मुलगा घोड्यावरून उतरला आणि ओट्याशी येऊन ऐकत उभा राहिला. ह्यांचा रिकामा हात माझ्या खांद्यावर होता, जड. फोनमधून सृष्टीच्या रडण्याचा आवाज येत होता आणि रत्ना फोनला सांगत होती, "ताई, गप ऱ्हावा, ऐकू येईना."

मग ते चढावर गेले. मी देवळापाशी गेले नाही. दारातूनच ऐकलं, अगदी शेवटचा सूर थांबेपर्यंत.

आता यादी. "एकाहत्तर. ३० एप्रिल. आमचं दार," असं लिहिलं. लिहून झाल्यावर वर सरकत गेले. २००४ समोरची जागा रिकामी होती. तिथे लिहिलं : "५ मे. पुलाच्या अलीकडे. वाजवलं नाही. माझ्यासाठी."

तेही धरायला हवं. म्हणून तिथून खालचे सगळे आकडे खोडून एकेकाने वाढवत आले. आजचा बहात्तर झाला.